बडोद्याचा पूर आणि सहाशे पाकिटं: आधी कोणाला, किती आणि कोणी ठरवायचं?

कोठीपोळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

पावसाळा तोंडावर आलाय. २०२४ च्या पुरात आमच्या मंडळाच्या हातून जे झालं ते अजून मला टोचतंय, म्हणून इथे मांडतो. इथले बरेचजण बडोद्याचे आहेत, काहींनी तो पूर अंगावर घेतलाय, तेव्हा सांभाळून घेऊ नका, सरळ बोला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. पाऊस आधीपासूनच धो धो चालू होता. वर आजव्याचं तळं भरलं, आणि शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळची २५ फुटांची धोक्याची रेघ मागे टाकून ३७ फुटांच्या आसपास मजल मारली. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की पाऊस उघडला तरी पाणी उतरेना. समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर सगळीकडे पाणी. आम्ही रावपुऱ्याकडचे उंचावर, आमच्या पोळीत (पोळ म्हणजे अरुंद गल्लीतली जुनी वस्ती) घोट्याएवढंच आलं होतं.

गणपतीची वर्गणी नुकती जमायला लागली होती. ती सगळी शिध्याकडे वळवली. वाड्यातल्या दोन स्वयंपाकघरांत रात्रभर सुखडी (गूळपापडीसारखी) थापली, थेपले लाटले. माझी आई ७४ वर्षांची, पहाटे चारला परातीशी बसून सुखडीच्या वड्या पाडत होती आणि कोणी मदतीला आलं की म्हणायची, "सरका, वड्या वाकड्या होतात तुमच्याकडून." सहाशे पाकिटं झाली. प्रत्येकात पाव किलो सुखडी, आठ थेपले, फुलवडी, लोणच्याची पुडी, मेणबत्ती, काडेपेटी आणि पाण्याची एक लिटरची बाटली.

गुरुवारी सकाळी टेम्पो निघाला. वाटेवर तीन ठिकाणं ठरली होती. रस्त्यालगतची एक सोसायटी, तिच्या मागची चाळ, आणि सगळ्यात खाली नदीच्या अंगाला वसाहत. प्रत्येकी दोनशे, असं ढोबळ.

सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि पुढच्या वीस मिनिटांत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चौथ्या मजल्यावरून दोरीला पिशव्या बांधून खाली सोडल्या जात होत्या. पोरं टेम्पोवर चढली. "काका, वर आजी आहेत, दोन द्या." "शेजारचे बाहेर येऊ शकत नाहीत, चार द्या." कोणाला नाही म्हणायचं? सोसायटीतून निघालो तेव्हा ४१० पाकिटं संपली होती. चाळीत १५० गेली. वसाहतीपाशी पोचलो तेव्हा ४० उरली होती आणि समोर १३० चुली.

एक म्हातारबाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. ओरडले नाहीत की काही नाही. एवढंच म्हणाले, "अमारे त्यां तो हजी कोई आव्युंज नथी." आमच्याकडे अजून कोणी आलेलंच नाही. आम्ही ती ४० पाकिटं दिली, परत येतो म्हणालो, आणि परत जाईपर्यंत शुक्रवारची दुपार झाली.

येताना त्याच सोसायटीच्या फाटकाशी वीस-पंचवीस पाकिटं तशीच पडलेली दिसली. फुलवडी कुत्री खात होती.

आता प्रश्न. समान वाटणी म्हणजे न्याय का? आणि न्याय करत बसलो तर उशीर होतो, त्याचं काय? यंदा वेळ आलीच तर आम्ही काय वेगळं करावं?

---

मिल्या_मांडवीचा

कोठीपोळकर, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. सहाशे माणसांच्या तोंडात घास गेला ना? बास. तुम्ही नसता गेलात तर शून्य गेला असता.

मी २०१९ ला पाण्यात उतरलेला माणूस आहे. ३१ जुलैला एका दिवसात ४९९ मिलिमीटर पडला होता, आठवतंय? तेव्हा आम्ही ज्याचा हात दिसला त्याच्या हातात दिलं. याद्या, सर्वेक्षण, समिती हे सगळं कोरड्या खोलीत बसून सुचतं. पाण्यात एकच नियम: द्या आणि निघा.

---

चिऊची_आई

मिल्याभाऊ, हात दिसला त्याला दिलंत. ज्याचा हात दिसलाच नाही त्याचं काय?

मी तुमच्या त्या "सोसायटी"तली. तीच नाही, पण तसलीच, समा भागातली. दुसरा मजला. त्यामुळे सोसायटीवाल्यांना सरसकट खातेपिते म्हणून कोणी निकालात काढू नये, आधीच सांगते.

तीन दिवस लाईट नव्हती. लाईट नाही म्हणजे मोटर नाही, आणि मोटर असती तरी उपयोग नव्हता, कारण खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलेलं. नवरा मकरपुऱ्याला कंपनीत अडकलेला. चिऊ सात महिन्यांची. तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं आमच्याकडे वर आलेली, म्हणजे दोन खोल्यांत अकरा माणसं. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी गल्लीच्या तोंडाशी ८० रुपयांना विकली जात होती, आणि तिथवर जायला छातीइतक्या पाण्यातून जायचं. बरं, नुसतं पाणी असतं तर गोष्ट वेगळी. आमच्या शहरात पाण्यात मगर असते. त्या तीन दिवसांत वनखात्याने दोन डझन मगरी वस्तीतून पकडल्या.

आमच्याकडे टेम्पो आला होता. थेपले मिळाले. मला थेपले नको होते हो, डब्यात होते. मला पाणी हवं होतं आणि बाळाचं दूध. खाली उतरू शकली ती तरणी पोरं, त्यांनी घेतलं. शेजारच्या ब्लॉकमधल्या आजींचे गुडघे गेलेले, एकट्या राहतात. त्यांच्याकडे टेम्पो येऊन गेल्याचं त्यांना संध्याकाळी कळलं.

ती पडलेली पाकिटं म्हणजे माज नव्हता कदाचित. ज्यांना नको होतं त्यांनाही मिळालं, एवढंच.

---

गणितमास्तर

मी गणित शिकवतो, त्यामुळे मला राहवत नाही.

कोठीपोळकरांच्या गोष्टीत दोन वेगवेगळे तुटवडे आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत. एक पाकिटांचा. दुसरा पोचवण्याचा. पुरात बहुतेक वेळा दुसराच खरा असतो. शहरात सुखडी होती, टेम्पो होते, देणारेही होते. कमी पडत होती ती नाव.

समजा एकच नाव आहे, एका फेरीत ४० पाकिटं नेते, उजेड सहा तास म्हणजे ३६० मिनिटं. जवळच्या वस्तीची फेरी २० मिनिटांची, लांबच्या वस्तीची ७० मिनिटांची.

सगळ्या फेऱ्या जवळ मारल्या तर १८ फेऱ्या, ७२० पाकिटं.
सगळ्या लांब मारल्या तर ५ फेऱ्या, २०० पाकिटं.

नुसती डोकी मोजली तर जवळच जावं असं येतं. वर्तमानपत्रात आकडाही मोठा दिसतो. पण त्या हिशोबात लांबची वस्ती कायमची शून्यावर राहते, आणि दुसऱ्या दिवशीही तोच हिशोब तेच उत्तर देतो. वसाहतीतल्या बाबांचं वाक्य म्हणजे या हिशोबाचं उत्तर आहे.

आता तीन फेऱ्या लांब मारा. २१० मिनिटं गेली, १२० पाकिटं पोचली. उरलेल्या १५० मिनिटांत जवळ सात फेऱ्या, २८० पाकिटं. एकूण ४००. म्हणजे लांबच्यांना दिल्याची किंमत ३२० पाकिटं. ही किंमत खोटी नाही, ती मान्य करूनच पुढे बोलायला हवं. "सगळ्यांना सगळं" असं कुठलंच वाटप नसतं.

पण इथेच एक युक्ती आहे. पाकीट साधारण दोन किलोचं, त्यात एक किलो तर पाण्याची बाटलीच. लांबच्या फेरीतून बाटली काढा. त्याच नावेत ८० पाकिटं बसतात, तीन फेऱ्यांत २४०. बेरीज ५२० वर गेली आणि लांबच्यांना दुप्पट मिळालं. न्याय आणि वेग यांचं भांडण आहे असं आपण धरून चालतो, त्यातलं निम्मं भांडण सामान कसं बांधलं यावर मिटतं.

बाटलीऐवजी क्लोरिनच्या गोळ्या द्या.

---

मिल्या_मांडवीचा

मास्तर, मगरी धरल्यात का हिशोबात? :)

---

गणितमास्तर

धरल्यात. म्हणूनच सहा तास, बारा नाही. अंधारात फेऱ्या शून्य.

---

चिऊची_आई

गोळ्यांबद्दल एक अडवते. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं, गाड्यांचं तेल असतं. त्यात गोळी टाकून ते पिऊ नका, गोळीने तेल जात नाही. गच्चीवरच्या टाकीत उरलेलं किंवा पावसाचं धरलेलं पाणी असेल तर कपड्याने गाळून गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत गुजरातीत, हिंदीत, मराठीत लिहून द्या. आणि तान्हं बाळ असलेल्या घरी बाटलीच द्या, तिथे वजनाचा हिशोब करू नका.

---

जुना_कारकून

वाचत होतो. महसूल खात्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. कोणत्या कचेरीत ते विचारू नका.

भूजचा भूकंप, २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. आमची चौथ्या दिवशी तिकडे रवानगी झाली. कच्छात शिरतानाच्या सूरजबारीच्या पुलाच्या अलीकडून मी जे पाहिलं ते सांगतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने कपडे. ढीगच्या ढीग. साड्या, सूट, लहान मुलांचे फ्रॉक, एक नवरदेवाची शेरवानीसुद्धा. कडाक्याच्या थंडीत लोक उघड्यावर झोपत होते आणि त्यांना हवी होती ताडपत्री, घोंगडी. ट्रक भरून आलेले कपडे उतरवायला माणसं लागत होती, ती माणसं ढिगारे उपसण्यातून काढावी लागत होती. नको असलेली मदत फुकट नसते, ती रस्ता अडवते. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमलाही कपड्यांचे असेच डोंगर झाले होते.

आणि हमरस्त्यावरच्या गावांत चार-चार संस्थांचे तंबू. आत वागडात (पूर्व कच्छात), फाट्यापासून बारा-पंधरा किलोमीटर गेलं की कोणी नाही. कोठीपोळकर, तुमचं फाटक आणि तुमची वसाहत तीच गोष्ट. वाटप रस्त्याच्या उतारासारखं वाहतं. मुद्दाम अडवलं नाही तर तोंडाशीच मुरतं.

आता कामाचं. तुम्ही "१३० चुली" लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण तिथेच सगळी गडबड असते. मोजायचं काय? घर, रेशनकार्ड, चूल की डोकं?

घर धरलंत तर एका छपराखाली तीन भाऊ तीन चुली मांडून राहतात, त्यांना एकच पाकीट. कार्ड धरलंत तर भाडेकरू गेला, बिहार-ओरिसाचा मजूर गेला, गेल्या वर्षी सासरी आलेली सून गेली. चूल धरलीत तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात एक नवी चूल पेटते (हसू नका, मी मोजायला गेलोय). डोकं धरणं सगळ्यात खरं, पण वेळ खातं.

माझा अनुभव असा. पहिला दिवस चूल. तिसऱ्या दिवसापासून डोकं. पहिल्या दिवशी थोडी लबाडी होऊ द्या, ती स्वस्त पडते.

लोक विचारतात सरकारी माप काय. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ खाली किमान मदतीचे निकष आहेत, २०१६ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने काढले. निवारा छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, प्यायला दिवसाला तीन लिटर पाणी, मोठ्या माणसाला २४०० कॅलरी, लहान मुलाला १७००, तीस माणसांमागे एक संडास. तुमच्या पाकिटातली पाव किलो सुखडी म्हणजे साधारण अर्ध्या दिवसाचं पोट. वर आठ थेपले धरले तर एका माणसाचा दिवस जेमतेम निघतो, पाच जणांच्या चुलीचा नाही. त्याच कायद्याचं कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. कलम ५३ मदतीच्या सामानात हात मारणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आत घालतं. ही कलमं मी पाठ केली होती कारण बढतीच्या परीक्षेला होती. वापरलेली फारशी पाहिली नाहीत.

---

सुरसागरी

थोडं अवांतर, पण आपल्याच शहराचं.

छप्पनिया दुष्काळ (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) पडला तेव्हा सयाजीराव महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले होते. त्या काळच्या दुष्काळ नियमांत एक फरक स्पष्ट होता. धडधाकट माणसाला कामावर मजुरी, आणि ज्याला कामावर येताच येत नाही, म्हातारा, आजारी, अपंग, त्याला घरी फुकट शिधा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही कारभाऱ्यांना कळत होतं की मदतीच्या ठिकाणापर्यंत येण्याची ताकद हीच एक श्रीमंती आहे. अर्थात त्या नियमांचा कंजूषपणाही प्रसिद्ध आहे, मजुरी इतकी की जेमतेम जीव राहील. सगळंच घेण्यासारखं नाही.

---

शिरोळची_लेक

माहेर शिरोळ तालुका, सासर बडोदा. म्हणजे दोन्हीकडे पाणीच. :(

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या. आमच्या गावाला आठ दिवस वेढा होता. मी नंतर गेले. कारकून काकांनी भूजचं लिहिलंय ते अगदी तसंच. हमरस्त्यावरच्या गावात माझ्या मावशीच्या घरी पाण्याच्या बाटल्यांची खोकी माळ्यापर्यंत रचलेली. बिस्किटं तर विचारू नका. आणि आतल्या गावांतली पोरं रस्त्यावर येऊन ट्रक अडवत होती, "आमच्याकडे चला" म्हणून. त्यांना लुटारू म्हणणारेही भेटले. लुटारू कसले, त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं म्हणून तेच रस्त्यावर आले.

एक गोष्ट मात्र बाहेरून आलेल्या कोणालाच सुचली नाही. वैरण. माझा चुलता घर सोडेना, कारण गोठ्यात तीन म्हशी. बचावाची नाव दोनदा येऊन परत गेली. त्याला जेवण नको होतं, म्हशींना कडबा हवा होता. शेवटी कोणीतरी नावेत चार पेंढ्या टाकून आणल्या आणि सांगितलं, "म्हशी वरच्या रस्त्यावर घेऊ, तिथे वैरण आहे." तेव्हा हलला. चार पेंढ्यांनी जे झालं ते पन्नास पाकिटांनी झालं नसतं.

अजून एक. पॅड. टेम्पोवर सगळे पुरुष असतील तर कोणी बाई मागत नाही. एक बाई बरोबर न्या, तिच्याकडे वेगळी पिशवी द्या. एवढंच पुरतं.

---

मिल्या_मांडवीचा

बरं बाबांनो, मी थोडा मागे सरकतो. पण पूर्ण नाही.

पहिल्या दिवशी, पाणी चढत असताना, माझाच नियम. समोर दिसेल त्याला बाहेर काढा, दिसेल त्याला द्या. तेव्हा यादी काढणारा माणूस मला सापडला तर मीच त्याला पाण्यात ढकलेन. तुमचा न्याय दुसऱ्या दिवसापासून सुरू करा.

आणि रांगेचं एक. टोकन द्या, असं कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. २०१९ ला एका ठिकाणी टोकन वाटली होती, संध्याकाळपर्यंत टोकनाला भाव फुटला होता. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात पाणी शिरलं नसतं तर अजून निघाली असती.

---

जुना_कारकून

मिल्या, टोकन फाटकाशी वाटलं की विकलं जातं. आदल्या संध्याकाळी दारात जाऊन, माणूस बघून, हातात दिलं की कमी विकलं जातं. आणि बोटाला शाई. निवडणुकीसारखी. लोकांना तिची सवय आहे, अपमान वाटत नाही.

---

नाव_नको

मी मदत घेणाऱ्यांतली आहे. इथे सगळे देणारे बोलतायत म्हणून लिहिते.

आमची खोली नदीच्या बाजूला. कोठीपोळकरांची ती वसाहत नाही, दुसरी. बुधवारी पहाटे पाणी आलं, आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर गेलो. पहिले दोन दिवस खायला मिळालं नाही असं म्हणणार नाही, मिळालं. तिसऱ्या दिवशी इतकं आलं की मुलं पुरी-भाजीचं पाकीट उघडून नुसती जिलबी खात होती आणि बाकी टाकत होती. मला लाज वाटली. पण खरंच, सहावं पाकीट कोण खाणार?

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. घरी गेलो. गुडघाभर चिखल. गाद्या भिजून इतक्या जड की चार माणसांना एक उचलेना. मीटर काळं. तेव्हा परत एक गाडी आली, परत पुरी-भाजी. मी त्या भाऊंना म्हटलं, "फावडं आहे का? झाडू? फिनेल?" ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे जेवणाचंच आहे." आणि फोटो काढला. मी फोटोत पाकीट धरून उभी आहे आणि मागे चिखल. तो फोटो माझ्या पुतण्याने मोबाईलवर पाहिला.

आमच्या पंचवीस घरांत त्या दिवशी दोन फावडी होती. नंबर लावले होते आम्हीच. आधी कोणाचं घर, हे आमच्या इथल्या मावशींनी ठरवलं. बाळंतीण होती तिचं पहिलं, मग ज्यांच्याकडे वर जायला नातेवाईक नाहीत त्यांचं, ज्यांचं पक्कं घर आहे त्यांचं शेवटी. माझं सतरावं. कोणी भांडलं नाही. बाहेरच्याने ठरवलं असतं तर भांडलो असतो.

तुम्ही विचारलंत ना कोणी ठरवायचं.

---

गणितमास्तर

नाव_नको, सतरावा नंबर आला तेव्हा किती वाजले होते?

---

नाव_नको

दुसऱ्या दिवशी दुपार. चार फावडी असती तर त्याच दिवशी झालं असतं, हा हिशोब मलाही येतो, मास्तर. :)

---

गणितमास्तर

दंडवत. माझा सगळा नावेचा हिशोब तुमच्या दोन फावड्यांपुढे फिका आहे. मी कसा लावला असता सांगू? जे घर लवकर साफ होईल ते आधी, म्हणजे वाट पाहणाऱ्यांचा एकूण वेळ कमी. पुस्तकात हेच बरोबर आहे. बाळंतिणीचं घर मोठं असतं तर ते मी मागे टाकलं असतं.

---

कोठीपोळकर

सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले. आईलाही वाचून दाखवले. नाव_नको यांचा प्रतिसाद ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पाचव्या दिवसापासून सुखडी बंद, झाडू घ्या."

काल मंडळाची बैठक झाली. नेहमीसारखा निम्मा वेळ मांडवाच्या खर्चावर गेला, पण उरलेल्यात एवढं ठरलं:

यंदा सहाशे सारखी पाकिटं करायची नाहीत. दोन प्रकार. जवळचं, पाण्यासकट. लांबचं, पाण्याशिवाय, त्यात अर्धा किलो सुखडी आणि गोळ्या, चिऊची_आई सांगतायत तशा सूचनेसह. बाळाचं दूध आणि बाटल्या वेगळ्या खोक्यात, ते खोकं टेम्पोवर राहणाऱ्या बाईच्या ताब्यात. तीच पॅडची पिशवी सांभाळेल. शिरोळची_लेक, धन्यवाद, आमच्या नऊ पुरुषांना हे सुचलं नसतं.

टेम्पो उलटा जाईल. आधी खाली, वसाहतीकडे, मग चाळ, शेवटी फाटक. रस्ता तोच आहे, फक्त वाटेत थांबायचं नाही. हे बोलायला सोपं आहे, कारण सोसायटीवाले आडवे येतील तेव्हा न थांबता जाणं माझ्याच्याने होईल का मला माहीत नाही. म्हणून ड्रायव्हरशेजारी मी बसणार नाही, जुना_कारकून बसतील असं मी परस्पर ठरवलंय. काका, रागावू नका.

सोसायटीत आता फाटकाशी वाटप नाही. तिथल्या चार पोरांना आधीच सांगून ठेवणार, ज्यांना उतरता येत नाही त्यांची नावं त्यांनी आणायची, आणि वर नेऊन त्यांनीच द्यायचं.

वर्गणीतून बारा फावडी, तीस झाडू, फिनेलचे दोन कॅन आत्ताच घेऊन वाड्याच्या माळ्यावर ठेवतोय. पूर नाही आला तर विसर्जनानंतर घाट झाडायला कामी येतील, खजिनदारांना असं पटवलं. ते "मग पाच पुरतील" म्हणत होते.

आणि वही. वसाहतीत आणि चाळीत पूर यायच्या आत जाऊन कोण कुठे राहतं ते लिहून ठेवायचं. किती चुली, किती डोकी, कोणाला इन्सुलिन, कोणाला डायलिसिस, कोण पोटुशी, कोण एकटं, कोणाकडे जनावर. फोन बंद पडतात म्हणून कागदावरच, दोन प्रती, एक इथे आणि एक तिथल्याच कोणाकडे, वरच्या मजल्यावर. क्रम आम्ही लावणार नाही. वही तिथल्या बायकांसमोर ठेवायची आणि विचारायचं, आधी कोण.

---

जुना_कारकून

रागावलो नाही. बसेन. पण वहीचं एक लक्षात ठेवा. कोण आजारी, कोण एकटं, ही माहिती चावडीवर वाचायची नसते. वही उघडी टाकू नका, आणि फोटो काढून ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आणि दर तीन महिन्यांनी परत जावं लागेल. भाडेकरू बदलतात, पोटुशी बाळंत होते.

आणि पहिल्या भेटीत लोक विचारतील, "शुं मळशे?", काय मिळणार? तेव्हा "काही नाही" असंच सांगायचं. काहीतरी आशा लावलीत तर चुली वाढतील.

---

मिल्या_मांडवीचा

मी येतो. ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूब आहेत माझ्याकडे, हवा धरतात. नावेचं काम होत नाही, पण कमरेएवढ्या पाण्यात एकेकीवर वीस पाकिटं ढकलत नेता येतात. मास्तरांनी फेऱ्यांचा हिशोब परत करावा.

---

गणितमास्तर

करतो. ट्यूबची फेरी किती मिनिटांची?

---

मिल्या_मांडवीचा

ते पाणी ठरवतं.

---

चिऊची_आई

चाळीचं लिहायला मी येते, रविवारी नवरा घरी असतो. चिऊ आता शेंगदाण्याचे लाडू मागते, बाळाचं दूध वगैरे आमचं मागे पडलं. पण आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या आजींचं नाव पहिल्या पानावर घाला. पत्ता मी तोंडी सांगेन, इथे लिहीत नाही.

---

नाव_नको

तुम्हाला चालत असेल तर मीपण येते. लिहिणाऱ्यांत. आमच्या मावशींनाही विचारते, त्या एका घरात गेल्या की पुढच्या चार घरांचं तिथेच सांगतात.

---

कोठीपोळकर

चालत असेल काय म्हणता, तुमच्याशिवाय जायचंच नाही.

रविवार, सकाळी साडेसात, आमच्या वाड्यात. चहा-पोहे आई करणार आहे, नको म्हणू नका, ती ऐकत नाही. वह्या मी आणतो. कारकून काका, रकाने तुम्ही आखा, तुमचं अक्षर चांगलं असणार. मास्तर, कार आणू नका, पोळीत शिरत नाही.